निजामकालीन हायस्कूल : शिक्षक, विषय आणि भाषा

मराठवाड्यातील जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून शिसवी डब्या, वह्या-खातेवह्या आणि जमिनीच्या कागदांबरोबर कधी कधी एखादा पिवळा पडलेला शाळेचा दाखला निघतो. त्यावरील मजकूर उर्दूत असतो आणि साल फसली असते. घरातील नातवंडांना तो वाचता येत नाही. फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे हाती लागतो, हेही आता थोड्यांनाच ठाऊक आहे. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. आजोबा कोणत्या वर्गात होते, कोणते विषय शिकले, त्यांचे शिक्षक कोण होते, हे सारे त्या एका कागदावर असूनही घराला ते अज्ञात राहते. त्या दाखल्यामागे उभी असलेली शाळा कशी होती, हे सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

दोन राज्यांच्या सीमेवर

अजिंठ्याचा घाट उतरताच लागणारे फर्दापूर हे निजामाच्या राज्याचे उत्तरेकडील टोक होय. येथून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुमारे १०० किलोमीटरवर, तर जळगाव त्याहून बरेच जवळ. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत या दोन गावांच्या मध्ये केवळ अंतर नव्हते, राज्याची सीमा होती. पलीकडे खानदेशात इंग्रजी अंमल, कलदार रुपया, रविवारची सुट्टी आणि मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. अलीकडे निजामाचा अंमल, हाली सिक्का, शुक्रवारची सुट्टी आणि उस्मानिया मॅट्रिक. व्यापारी कुटुंबांतील मुले हाली आणि कलदार यांचा हिशेब दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या शिकत. शाळेच्या भाषेचा हिशेब मात्र तितका सोपा नव्हता.

लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी फर्दापूर येथे तळ दिला तो १९०९ ते १९११ या काळात. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे पुढे विख्यात झालेले तरुण चित्रकार होते. जगभरचे जाणकार ज्या परिसरात शिकण्यासाठी येत होते, त्या परिसरातील मुलाला स्वतःच्या शिक्षणासाठी मात्र गाव सोडावे लागे. प्राथमिक शाळेपुढचे शिक्षण घ्यायचे तर तालुक्याचे, आणि हायस्कूल गाठायचे तर बहुधा जिल्ह्याचे ठिकाण, अशी त्या काळची स्थिती होती.

तहतानिया, वस्तानिया, फौकानिया

निजाम राज्याच्या शिक्षण खात्यास तालीमात म्हणत. शाळांचे तीन थर होते. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल स्कूल ते वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. शिक्षकाला मुदर्रिस, मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस आणि शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मोहतमिम तालीमात म्हणत. प्राथमिक वर्गांत मराठी मुलांना मराठीतून शिकता येई. वरच्या वर्गांत मात्र सरकारी शाळेचे माध्यम उर्दू होते. काही शाळांतून इंग्रजी माध्यमाचीही सोय होती. त्या वाटेने जाणारे विद्यार्थी हायस्कूल लीव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा देऊन मद्रास विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हैदराबादच्या निजाम कॉलेजात जाऊ शकत.

१९०१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद राज्यात तेलुगू भाषिक सुमारे ४६ टक्के, मराठी सुमारे २६ टक्के, कन्नड सुमारे १४ टक्के आणि उर्दू भाषिक सुमारे १० टक्के होते. साक्षरांचे प्रमाण शंभरात अवघे तीन होते. या आकड्यांवरून हायस्कूलच्या उंबरठ्यावर किती मुले पोहोचत असतील आणि तेथे त्यांच्यापुढे कोणती भिंत उभी असेल, याची कल्पना येते.

हायस्कुलातील विषय आणि विभाग

फौकानिया शाळेत उर्दूचा मान पहिला. इंग्रजी सक्तीची. अभिजात भाषांत फारसी, अरबी, संस्कृत अशी निवड असे. गणित म्हणजे रियाजी, इतिहास म्हणजे तारीख, भूगोल म्हणजे जुगराफिया, पदार्थविज्ञान म्हणजे तबीयात आणि रसायन म्हणजे कीमिया. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी दीनियात म्हणजे धर्मशिक्षण, तर इतरांसाठी अखलाकियात म्हणजे नीतिशिक्षण असा तास असे. भूमितीतील त्रिकोण हा मुसल्लस, कोन हा जाविया आणि वर्तुळ हे दायरा. मराठी मुलगा घरी मराठीत विचार करी, गणिताची रीत उर्दूत पाठ करी आणि इंग्रजीचा धडा वेगळाच घोकत असे. व्यापाऱ्याच्या मुलाला याखेरीज मोडी आणि वहीखात्याची लिपीही आत्मसात करावी लागे. एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर इतक्या भाषांचे ओझे होते. ज्यांना ते पेलले ते बहुभाषी झाले. ज्यांना पेलले नाही त्यांनी शाळा सोडली, आणि त्यांची नोंद कोठेही राहिली नाही.

या व्यवस्थेचा उगम हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात होता. विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली आणि पुढील वर्षी वर्ग सुरू झाले. त्यापूर्वीच, १९१७ साली, भाषांतर खाते उघडण्यात आले होते. विज्ञान, गणित, कायदा, इतिहास या विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत उतरविले गेले आणि हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. परकीय भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची बुद्धी भाषेतच खर्ची पडते, हा सर अकबर हैदरी यांच्या निवेदनातील मुख्य मुद्दा होता. इंग्रजी अंमलातील विद्यापीठे इंग्रजीला चिकटून असताना एका भारतीय भाषेत उच्च विज्ञान शिकविण्याचे हे धाडस खचितच मोठे होते. विद्यापीठात मराठीचाही विभाग होता. परंतु जो न्याय इंग्रजीच्या विरुद्ध मांडला गेला, तोच न्याय मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना लावला गेला नाही. त्यांच्या दृष्टीने एका परक्या माध्यमाच्या जागी दुसरे आले, एवढेच.

औरंगाबादचे विद्याक्षेत्र

या व्यवस्थेचा एक उजळ भागही नोंदविला पाहिजे. पुढे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ख्यातनाम झालेले मौलवी अब्दुल हक यांच्या आयुष्याचा मोठा काळ औरंगाबादेत गेला. ते येथे शिक्षण खात्याचे अधिकारी होते. १९२३ साली किल्ले अर्कच्या परिसरात इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले, त्याचे ते प्राचार्य झाले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय त्यांच्यामुळे दीर्घकाळ औरंगाबादेत होते, आणि ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून येथूनच निघू लागले. एका जिल्ह्याच्या गावात कोश, व्याकरण आणि जुन्या हस्तलिखितांचे काम चालावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याच कॉलेजचे रूपांतर पुढे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयात झाले.

फारसी-उर्दूच्या या परिचयाचे फळ मराठी इतिहासलेखनालाही मिळाले. मराठवाड्यातीलच सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासाची जी मौलिक सेवा केली, ती सर्वश्रुत आहे.

खाजगी शाळांचे व्रत

सरकारी शाळेच्या जोडीला खाजगी शाळांचा एक प्रवाह होता. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, हैदराबादची विवेकवर्धिनी आणि १९१५ साली स्थापन झालेली औरंगाबादची सरस्वती भुवन या संस्थांनी मराठी मुलांना आपल्या भाषेचा आधार दिला. हे काम सुखाचे नव्हते. खाजगी शाळेला सरकारी परवानगी लागे. सभा-संमेलनांवर गश्ती निशाण ५३ या हुकमाची बंधने होती. मान्यता हवी तर सरकारी अभ्यासक्रम, आणि स्वत्व हवे तर मान्यतेवर पाणी, असा पेच संस्थाचालकांपुढे कायम असे.

काहींनी दुसरा मार्ग पत्करला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, तरी अध्यापन त्यांनी सोडले नाही. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. १९३५ साली हे कार्य अंबाजोगाईस गेले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या रूपाने बहरले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व या मुख्याध्यापकाकडेच आले. औरंगाबादेत काही काळ शिक्षक असलेले, कलकत्त्याहून गणिताचे उच्च शिक्षण घेऊन आलेले गोविंदभाई श्रॉफ हेही त्याच लढ्याचे अग्रणी झाले आणि नंतर अनेक दशके सरस्वती भुवन संस्थेशी निगडित राहिले. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची पाळेमुळे शाळेच्या वर्गात होती, हे यावरून स्पष्ट दिसते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचे आंदोलन सुरू झाले व हैदराबादपर्यंत पसरले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू टी. जे. केदार यांनी अशा विद्यार्थ्यांना प्रवेशाचे दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे नागपूरला गेलेल्यांपैकीच एक होते. शिक्षणासाठी राज्य सोडावे लागलेल्या त्या पिढीच्या घरांत किती माउलींनी दागिने मोडले असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

स्थित्यंतर

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. शाळांतून मराठी माध्यम आले. ज्या शिक्षकांनी स्वतः मुसल्लस म्हणून भूमिती शिकली होती, त्यांनाच आता फळ्यावर त्रिकोण लिहावा लागला. मध्यम वयात पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी हे स्थित्यंतर पार पाडले, ही त्यांची सेवा उपेक्षणीय नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, त्याचेच नाव पुढे मिलिंद झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. खेड्यातील मुलाच्या निवासाचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्या बाबतीत जैन समाजाची परंपरा जुनी आहे. कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि १९३४ साली बाहुबली येथे आश्रम, अशी जी गुरुकुलांची मालिका पूज्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिली, तिचेच एक पुष्प म्हणजे १९६२ साली वेरूळ येथे स्थापन झालेले श्री पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल. निवास, भोजन, संस्कार आणि शालेय शिक्षण एकाच छताखाली, या विचाराने मराठवाड्यातील कितीतरी मुलांची वाट सुकर केली.

दप्तर जपावे

त्या काळचे बहुसंख्य शिक्षक अज्ञातच राहिले. इतिहासात नावे उरली ती नेत्यांची आणि ग्रंथकारांची. रियाजीचा तास घेणारा, कवायत करवून घेणारा, संध्याकाळी मराठीच्या कविता समजावून सांगणारा मुदर्रिस उरला आहे तो केवळ दाखल्यावरील एका सहीपुरता. ती सही ज्या लिपीत आहे, ती वाचणारी माणसे आपल्या गावांतून दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून घरोघरीचे असे कागद रद्दीत न घालता जाणत्याकडून वाचून घ्यावेत, त्यांचे मराठी रूपांतर शेजारी लिहून ठेवावे आणि फसली सालाबरोबर इसवी सनही नोंदवावा. शास्त्रभांडारे जपण्याची शिस्त या समाजाला शतकानुशतके ठाऊक आहे. त्याच निष्ठेने आजोबांच्या शाळेचा एक दाखला जपला, तर एका विस्मृत शिक्षकाचे ऋण अंशतः तरी फिटेल.