दोन त्रिकोणांचे शरीरशास्त्र

चित्रकाराला हाडांची नि स्नायूंची विद्या कशाला हवी, असे कोणी विचारले की मी १५४३ सालाकडे बोट दाखवतो. त्या वर्षी आंद्रेआस व्हेसॅलिअसचा शरीररचनेवरील सचित्र महाग्रंथ बाझल येथे छापला गेला. त्यातली कातडी सोललेली माणसे डोंगर-गावांसमोर चक्क उभी आहेत! वैद्यांप्रमाणे चित्रकारांनीही तो ग्रंथ जवळ केला. पाश्चात्य देहचित्रणाची ही शिस्त पुढे मुंबईत, १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत आली, ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून मुले देह रेखाटू लागली.

त्याच मुंबईच्या उत्तरेला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, वारली सवाशिणी लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यांचा माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा छातीचा, खालचा कटीचा. ही रेघ भाबडी समजू नये. बरगड्यांचा पिंजरा आणि कटीचे हाड हे दोन ठोकळे असून मधली कंबर त्यांना हलवते, असेच कलाशाळेतही शिकवतात. त्रिकोण जरासा कलला की तारप्यावर नाचणारा डुलतो, भात लावणारी ओणवते.

व्हेसॅलिअसने प्रेत उघडून पाहिले. वारलिणीने राबणारी कंबर पाहिली. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बहुतेक बायांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. शरीरशास्त्राच्या इतिहासात त्यांनाही एक पान मिळावे, असे मला वाटते.