बाळंतिणीच्या मनाचे माप

बाळंतिणीच्या खोलीत आपल्याकडे सारे मोजूनमापून चालते. डिंकाचे लाडू किती, शेक किती वेळ, बाळगुटीत मुरडशेंगेचे वेढे किती, हा हिशेब घरच्या आजीबाईंना तोंडपाठ असतो. बाळाचे वजनही होते. पण खाटेवरच्या त्या पोरीच्या मनावर किती ओझे आहे, हे पाहण्याचे माप काही घरात नसते.

माझी पत्नी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा मी दर रविवारी सासुरवाडीला जाई. "कशी आहेस?" म्हणून विचारी. "बरी आहे," ती म्हणे. तेवढ्यावर संतुष्ट होऊन मी परतीची एस. टी. गाठी. ती त्या दिवसांत रात्र रात्र रडत असे, हे मला सहा वर्षांनी कळले. तेही ती धाकट्या बहिणीला सांगत होती, तेव्हा दाराआडून! तेव्हापासून या मापाचा इतिहास धुंडाळण्याचा मला नाद लागला.

१८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से या तिशीतल्या डॉक्टराने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या वेडावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात ३१० स्त्रियांच्या हकिगती होत्या. पण या साऱ्या ज्यांचे वेड चारचौघांना दिसले अशा बाया. डोळे पुसत पुसत घरकाम उरकणारी त्यात कोठून येणार? तिचा शोध घेतला तो लंडनच्या ब्राइस पिट यांनी, १९६८ साली. ३०५ स्त्रियांना त्यांनी गरोदरपणी जे प्रश्न विचारले, तेच बाळंतपणानंतर पुन्हा विचारले. सुमारे दहातली एक खिन्नतेने ग्रासलेली निघाली.

तरी एक अडचण होतीच. त्या काळच्या प्रश्नावल्या विचारत, झोप लागते का? थकवा येतो का? आता महिन्याभराचे पोर कुशीत असलेल्या कोणत्या आईला झोप लागते, सांगा पाहू! अशाने सगळ्याच आजारी ठरायच्या. ही गाठ जॉन कॉक्स यांनी सोडवली. आधी ते आफ्रिकेत युगांडातल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून आले होते. पुढे जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगॉव्हस्की यांना बरोबर घेऊन त्यांनी १९८७ साली 'एडिंबरो मापपट्टी' प्रसिद्ध केली. शरीराच्या तक्रारी जवळजवळ बाजूला ठेवून तिने मनालाच हात घातला. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगीच स्वतःला दोष दिला का, कामे अंगावर आल्यासारखी वाटली का, असे दहा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहावा प्रश्न सर्वांत अवघड, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, हा. एकूण गुण तीस, आणि बाराच्या वर गेली की तिच्याकडे लक्ष द्यायचे. जास्त गुण मिळवणाऱ्याची काळजी वाटावी, अशी प्रश्नपत्रिका मी मास्तरकीत कधी काढली नाही!

हा कागद निदान करीत नाही, फक्त घंटा वाजवतो. मग पुढे काय? होल्डन यांनी १९८९ साली त्याचेही उत्तर दिले. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना त्यांनी नीट ऐकून घ्यायला शिकवले. आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे त्यांनी जायचे आणि आईला बोलू द्यायचे. अशा २६ जणींपैकी १८ सावरल्या. नेहमीच्याच देखभालीवर राहिलेल्या २४ जणींपैकी ९.

आणि हे काही साहेबांच्या देशाचेच दुखणे नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पट्टी कोंकणीतून लावून पाहिली. त्यांचा लेख २००२ साली आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आया खिन्न आढळल्या. कारणे वाचताना मान खाली गेली. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. आमची थोरलीही मुलगीच. तिच्या बारशाला माझ्या घरचे कोण कोण आले नव्हते, हे मला त्या पानावर आठवले.

त्या दहा प्रश्नांचा मराठी कागद एकदा मी घरी आणला. त्या दिवसांची आठवण करून उत्तरे दे, म्हणालो. स्वयंपाक आटोपल्यावर ती चष्मा लावून बसली. सावकाश एकेक खूण करीत गेली, दहाव्याशी बराच वेळ थांबली. शेवटी बेरीज तिनेच केली, आणि कागदाची घडी घालून कपाटात, पातळांच्या खाली ठेवून दिली. मला दाखवली नाही.