गोल्फ क्लबची मेंबरशिप: दार, वही आणि एक आकडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय आहे गोल्फ क्लबची मेंबरशिप. थांबा, लगेच बंद करू नका! आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ फक्त टीव्हीवर नाहीतर मोबाइलच्या गेममध्ये पाहिलाय, ठाऊक आहे मला. पण जिमची मेंबरशिप तरी घेतली असेल ना? जानेवारीत पैसे भरायचे आणि फेब्रुवारीत जाणं बंद!

मग मेंबरशिपचे पैसे भरतो तेव्हा आपण नेमकं काय विकत घेतो? जागा? सोबत? मिरवायला एक कार्ड? की आपण खरंच सुधारतोय का, हे कळायची सोय? गोल्फच्या क्लबांनी गेल्या पावणेतीनशे वर्षांत या प्रश्नाची सगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. आज तीच गोष्ट.

भर थंडीतली रोजनिशी

सुरुवात क्लब जन्मायच्याही आधी होते. साल १६८७, महिना जानेवारी, गाव स्कॉटलंडमधलं एडिनबर्ग. थॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी रोजनिशी लिहितोय. स्कॉटलंडची जानेवारी म्हणजे कडाक्याची थंडी आणि दुपारीच मावळणारा दिवस. हा गडी मात्र लीथच्या माळावर गोल्फ खेळायला जातो आणि परत येऊन काय शिकलो ते लिहून काढतो. उभं कसं राहायचं? तर तलवारबाजीत राहतात तसं, गुडघे जरा वाकवून. कुठले स्नायू ताठ ठेवायचे, अंग कसं वळवायचं, सगळं टिपून ठेवलंय. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो स्वतःच्या फटक्याचं डीबगिंग करतोय.

याच रोजनिशीत त्याला एक फार मोलाचा प्रश्न पडतो. एक खेळाडू चांगला आणि दुसरा कच्चा असेल, तर कच्च्याला काही सवलत देऊन खेळच बरोबरीचा करावा, की खेळ तसाच ठेवून पैजेची रक्कम कमीजास्त करावी? गोल्फमध्ये ज्याला आज हँडिकॅप म्हणतात, त्या कल्पनेची ही सगळ्यांत जुनी नोंद मानली जाते. किंकेडकडे क्लब नव्हता, कोच नव्हता. होती ती एक वही. ती लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

क्लब आला, पण मैदान सगळ्यांचंच

आता १७४४ मध्ये येऊ. त्याच लीथच्या माळावर खेळणाऱ्या काही प्रतिष्ठित मंडळींना एडिनबर्ग शहराने बक्षीस म्हणून चांदीची गोल्फची काठी दिली. स्पर्धा घ्यायची तर नियम हवेत, म्हणून त्यांनी १३ नियम लिहिले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लेखी नियम. पहिली स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या सर्जनने.

गंमत म्हणजे या क्लबकडे स्वतःचं मैदानच नव्हतं! लीथचा माळ सार्वजनिक होता, कुणीही यावं आणि खेळावं. मग मेंबरशिप कशाची? तर सोबतीची. एकत्र खेळायचं, पैजा लावायच्या, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्या चुकत्या करायच्या. त्यांनी पैजांच्या वह्यासुद्धा ठेवल्या.

आणि ही सोबत किती कामाला यावी? रॅट्रे पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड करणाऱ्या जॅकोबाइट सैन्यात सर्जन म्हणून गेला. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंड चिरडलं गेलं आणि तो पकडला गेला. फाशीचीच पाळी होती. त्याच्यासाठी शब्द टाकला डंकन फोर्ब्ज यांनी. ते स्कॉटलंडचे मोठे न्यायाधीश, राजाच्या बाजूचे आणि रॅट्रेचे गोल्फमधले सोबती. रॅट्रे वाचला. मेंबरशिपचा याहून मोठा फायदा कुठल्या माहितीपत्रकात सापडायचा नाही!

मग दार आलं

एकोणिसाव्या शतकात गणित बदललं. लीथच्या माळावर गर्दी वाढली, तसा तो जुना क्लब १८३६ मध्ये मसलबर्गला आणि १८९१ मध्ये मुरफील्डला, स्वतःच्या खासगी मैदानावर गेला. आता मेंबरशिप म्हणजे जमीन, क्लबहाउस आणि दार. दार आलं की कोण आत आणि कोण बाहेर हा प्रश्न आलाच.

व्यावसायिक खेळाडू बाहेर. वॉल्टर हेगन हा अमेरिकन चॅम्पियन १९२० मध्ये इंग्लंडमधल्या डील इथे ब्रिटिश ओपन खेळायला गेला, तेव्हा व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये मज्जाव होता. पठ्ठ्याने आलिशान मोटार दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले.

आपल्याकडेही तेच. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आहे कोलकात्यात, १८२९ चा. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला. पण मुंबईतले बडे युरोपीय क्लब भारतीयांना मेंबर करून घेत नसत. म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब काढला. ताडदेवजवळचं त्याचं गोल्फचं मैदान आजही आहे. मात्र तिथेही आत कोण आले? तर संस्थानिक आणि बडे उद्योगपती. एक भिंत पडली आणि दुसरी तशीच राहिली.

सगळ्यांत बोचरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची. सेवसंकर 'पापवा' सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा पोरगा. स्वतःच शिकला, तोही जगावेगळा. उजव्या हाताने खेळणारे उजवा हात खाली धरतात, हा डावा खाली धरायचा. या उलट्या पकडीने त्याने १९५९ मध्ये युरोपात जाऊन डच ओपन जिंकली आणि पुढे आणखी दोनदा जिंकली. १९६३ मध्ये त्याने डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली. पण वर्णभेदाच्या त्या काळात विजेत्यालाच क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. बाकीचे आत, आणि पापवाने ट्रॉफी घेतली बाहेर, पावसात उभं राहून. पुढे सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांमध्ये त्याचं खेळणंच बंद केलं. ज्याचा खेळ त्या दिवशी सगळ्यांत चांगला होता, त्याच्यासाठीच दार बंद होतं.

बाहेरच्यांनी वही नीट केली

आता आपल्या वहीकडे वळू. हँडिकॅप म्हणजे काय? साध्या भाषेत, मैदानासाठी चांगल्या खेळाडूला जेवढे फटके लागावेत त्यापेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त लागतात, तो आकडा. माझा १९ आणि तुमचा ५ असेल, तर मला १४ फटक्यांची सूट मिळते. मग नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच सामन्यात चुरशीने खेळू शकतात. क्रिकेटमध्ये कल्पना करून बघा, गल्लीतला बॅट्समन आणि रणजी खेळाडू यांची बरोबरीची मॅच!

पण एकोणिसाव्या शतकात हा आकडा प्रत्येक क्लब आपापल्या अंदाजाने ठरवायचा. एका क्लबातला १० दुसऱ्या क्लबात गेला की निरुपयोगी. ही गोची कुणी सोडवली? मोठ्या पुरुषी क्लबांनी नव्हे! ब्रिटनमध्ये १८९३ साली लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या सचिव इसेट पिअर्सन यांनी देशभर चालेल अशी एकसारखी हँडिकॅप पद्धत उभी केली. पिअर्सन स्वतः १८९३ आणि १८९४ अशी सलग दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेल्या खेळाडू. त्या काळी कितीतरी क्लबांत बायकांसाठी वेगळं छोटं मैदान असायचं आणि कारभारात मत नसायचं. त्या बायकांनी ठरवलं की सगळीकडे एकच माप हवं. ब्रिटनमधल्या पुरुषांच्या गोल्फला तशी पद्धत यायला १९२० चं दशक उजाडलं.

आणि दार? सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने महिलांना मेंबर करून घ्यायचा ठराव केला २०१४ मध्ये, स्थापनेनंतर २६० वर्षांनी. मुरफील्डवाल्यांनी, म्हणजे १३ नियम लिहिणाऱ्या त्याच क्लबने, २०१६ च्या मतदानात नाही म्हटलं आणि २०१७ मध्ये हो म्हटलं.

फॉर्म्युला

आता माझ्या आवडीचा भाग. समजा एका सोप्या मैदानावर मला ९० फटके लागले आणि एका अवघड मैदानावर ९५. कुठे चांगलं खेळलो? अमेरिकेत डीन नूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर 'स्लोप' नावाचा उपाय आणला. प्रत्येक मैदानाला दोन आकडे द्यायचे. एक रेटिंग, म्हणजे तिथे तरबेज खेळाडूला किती फटके लागतील. दुसरा स्लोप, म्हणजे सामान्य खेळाडूला ते त्या मानाने किती जड जाईल. स्लोप ५५ ते १५५ च्या मध्ये असतो, मधला प्रमाण आकडा ११३.

हिशोब असा: फटक्यांतून रेटिंग वजा करा, ११३ ने गुणा, स्लोपने भागा. सोप्या मैदानाचं रेटिंग ७१ आणि स्लोप ११३ असेल, तर माझ्या ९० चे झाले १९. अवघड मैदानाचं रेटिंग ७३ आणि स्लोप १३० असेल, तर ९५ चे झाले १९.१. म्हणजे दोन्ही दिवशी मी जवळपास सारखाच खेळलो! नुसते फटके मोजले असते तर दुसऱ्या दिवशी उगाच तोंड पाडून घरी आलो असतो.

२०२० मध्ये जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली. तिच्यात तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी धरतात. चार वाईट दिवसांनी तुमचं वाटोळं होत नाही. शिवाय गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वांत चांगला आकडा सिस्टिम लक्षात ठेवते. त्याच्यापेक्षा हँडिकॅप ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि ५ च्या पुढे वाढूच देत नाहीत. त्या दिवशी हवा फारच वाईट असेल, तर तोही हिशोब धरला जातो. वर्षभर सुधारणा मोजायची इतकी समंजस पद्धत मला तरी दुसऱ्या कुठल्या हौशी खेळात दिसत नाही. ऑफिसातलं अप्रेझल असं झालं तर काय बहार येईल!

मजा पण हवीच

नुसता आकडा झाला तर खेळ कशाला खेळायचा? लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांना दिसत होतं की सोसाट्याच्या वाऱ्यात सुरुवातीच्या एकदोन होलवर घोळ झाला की मेंबर हातपाय गाळतात. म्हणून त्यांनी फटक्यांऐवजी गुण मोजायची पद्धत काढली. १९३२ मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली. एखाद्या होलवर कितीही माती खाल्ली तरी तिथे फक्त शून्य गुण, पुढच्या होलवर नवा डाव. आज जगभरच्या क्लबांत सामान्य मेंबर याच पद्धतीने खेळतात.

आणि हिवाळा? उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी थंडीत आकडे नोंदवणंच बंद असतं. सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर मात्र हिवाळ्यातही खेळ चालतो. गवत जपायला खेळाडू फेअरवेवर छोटी चटई बरोबर नेतात, चेंडू तिच्यावर ठेवून मारतात. आणि हे मैदान कुणा क्लबचं नाही बरं का, सार्वजनिक आहे! १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क नोंदलेला आहे. रविवारी ते खेळासाठी बंद असतं आणि लोक तिथे आरामात फिरायला येतात.

तर काय विकत घ्यायचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. क्लबांनी सोबत दिली, ती खरी होती, जीव वाचवण्याइतकी. क्लबांनी दार दिलं, त्याने मिरवायची सोय झाली, खेळ कुणाचाच सुधारला नाही. आणि क्लबांनी वही दिली. ती मात्र फक्त आतल्यांची होती तोवर अर्धवट होती, आणि सगळ्यांसाठी एकच माप झालं तेव्हा खरी झाली. इंग्लंडमध्ये २०२१ पासून आयगोल्फ या योजनेतून कुठल्याही क्लबचा मेंबर नसलेल्यालाही अधिकृत हँडिकॅप मिळतो. वही दारातून बाहेर आली म्हणायची!

आपल्याकडे गोल्फचं दार अजून जडच आहे, हे कबूल. पण पुढच्या वेळी कसलीही मेंबरशिप घ्याल, जिम, बॅडमिंटन, पोहण्याचा तलाव, काहीही, तेव्हा हे दोन प्रश्न विचारा. इथे माझ्याबरोबर खेळणारं कुणी मिळेल का? आणि वर्षभराने मी कुठे होतो आणि कुठे आलो, हे मला कळेल का? दुसऱ्या प्रश्नासाठी तर पैसेही लागत नाहीत. किंकेडने ते काम एका रोजनिशीवर भागवलं होतं.

आवडलं असेल तर जिमला दांडी मारणाऱ्या एका तरी मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, खेळत राहा आणि लिहीत राहा!