बागरचना : चंद्रपूर-गडचिरोली
मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पावसाळ्यात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो; झाडाने दोन्ही सोसायचे. साग या जंगलांचा राजा खरा, पण ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण. सावलीला कडुनिंब, करंज बरे. चैत्राच्या सुमारास त्यांना नवी पालवी फुटते.

खरी डोकेदुखी काळ्या मातीची. उन्हात तिला भेगा पडून मुळे उघडी पडतात, पावसात पाणी साचून कुजतात. म्हणून रोप उंचवट्यावर लावावे, उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा अंथरावा.

बांबू हवाच. काटेरी कटांग गुरे अडवतो, पण जागा फार खातो. आटोपशीर कुंपणाला मानवेल बरा. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चंद्रपूरजवळ चिचपल्लीलाच आहे. फुलोरा आलेले बेट मात्र वाळते; ते वेळीच काढावे, नाहीतर आगीला आयते जळण.