निवृत्तीनंतरचे सहा महिने दहा दिवस



आपण दहावीची परीक्षा दिली ते साल १९८६. त्याच वर्षी ३१ जानेवारीला देशाचे सेनाप्रमुख जनरल अरुण श्रीधर वैद्य निवृत्त झाले आणि १० ऑगस्टला पुण्यात भररस्त्यात त्यांची हत्या झाली. स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिही, असा समितीचा आग्रह झाला तेव्हा हाच विषय डोळ्यांपुढे आला. आपल्यापैकी बरेच जण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, हेही एक कारण.

वैद्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबागला झाला. १९४५ मध्ये ते रणगाडा दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात ते डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते. पंजाबात खेमकरणजवळ, असल उत्तर येथे पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे चालून आले. डेक्कन हॉर्सकडे होते दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. आपल्या सैन्याने नालाच्या आकारात मोर्चेबांधणी केली आणि शेतांत पाणी सोडले. पुढे काय झाले हे यवतमाळकरांना समजावून सांगायला नको. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तसे ते अवजड पॅटन उसाच्या चिखलात रुतले आणि दबा धरून बसलेल्या आपल्या तोफांनी ते टिपले. शत्रूने शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले. अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहिला तेव्हा मला हीच लढाई आठवली.

१९७१ मध्ये शकरगढ भागात ते सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. बसंतर नदीपलीकडे आपले पायदळ उघड्यावर होते आणि मधे भूसुरुंगांचा पट्टा. वाट पूर्ण मोकळी झालेली नसतानाच पूना हॉर्सचे रणगाडे पलीकडे गेले. एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल, मरणोत्तर परमवीरचक्राचा मानकरी, त्याच लढाईतला. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. असा मान मोजक्याच अधिकाऱ्यांच्या वाट्याला आला आहे.

१ ऑगस्ट १९८३ रोजी ते सेनाप्रमुख झाले. ज्येष्ठ असलेल्या लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून ही नेमणूक झाली, म्हणून त्यावर वादही झाला. एप्रिल १९८४ मध्ये सैन्याने सियाचिनच्या खिंडी ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये सुवर्णमंदिरातली ऑपरेशन ब्लू स्टारची कारवाई झाली. निर्णय सरकारचा होता, अंमलबजावणी सैन्याची. जवान गेले, अतिरेकी गेले, निरपराध यात्रेकरूही गेले. शीख समाजाच्या मनावर खोल जखम झाली. काही पलटणींत शीख जवानांनी बंड केले. या साऱ्याचे ओझे सेनाप्रमुख म्हणून वैद्यांच्या नावावर जमा झाले.

मी पुढे इतिहासाचा मास्तर झालो. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, “सर, सेनाप्रमुख रिटायर झाल्यावर काय करतात?” पाठ्यपुस्तकात लढाया असतात, हे नसते. मी त्याला वैद्यांचे सांगितले. ते पुण्यात येऊन राहिले. जिवाला धोका होता हे माहीत होते, तरी ते घरात कोंडून बसले नाहीत. १० ऑगस्टला, रविवारी, पत्नी भानुमतीबाईंबरोबर ते कॅम्पात खरेदीला गेले. परतताना साधी मारुती गाडी ते स्वतः चालवत होते. अंगरक्षक मागच्या सीटवर होता. मोटारसायकलवरून आलेल्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. वैद्य गेले, जखमी भानुमतीबाई बचावल्या.

आपण तेव्हा नुकतेच अकरावीत गेलो होतो. सोमवारी नागपूरहून आलेल्या पेपरभोवती चौकात जमलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. हल्लेखोर सुखदेवसिंग ‘सुक्खा’ आणि हरजिंदरसिंग ‘जिंदा’ यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली.

वर्गातला तो मुलगा ऐकून म्हणाला, “म्हणजे त्यांना रिटायर होताच आलं नाही.” मला ते पटले, पण अर्धेच. पदावर असताना केलेल्या कामाचा जाब निवृत्तीनंतरही आपल्यामागे येतो, हे खरे. पण दोन महावीरचक्रे मिळवलेला हा माणूस सुट्टीच्या सकाळी बायकोबरोबर बाजाराला जात होता, भीतीपायी त्याने ते सोडले नाही, हेही तितकेच खरे. रणगाड्यातले त्यांचे शौर्य सरकारने पदकांनी नोंदवले. त्या मारुतीतल्या साधेपणाची नोंद कुठल्याच पदकात नाही, म्हणून ती इथे करून ठेवतो.