गाडी तीच, मग एकाला वॉरंटी आणि दुसऱ्याला रिकॉल का?

मंडळी, आजचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकेतला, आणि तोही गाडीच्या गिअरबॉक्सचा. पण शेवटी तो आपल्याच मोटार वाहन कायद्याच्या एका कलमापाशी येऊन थांबतो, म्हणून पूर्ण वाचा.

१९७८ साली फोर्डने ली आयाकोका यांना काढून टाकलं आणि ते बुडत्या क्रायस्लरमध्ये गेले. १९७९ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. करदात्यांच्या पैशावर खासगी कारखाना का वाचवायचा, यावरून तेव्हा तिथे बराच गदारोळ झाला होता. कंपनी वाचली, १९८३ मध्ये कर्ज मुदतीच्या बरंच आधी फिटलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या दोन गाड्या बाजारात आल्या. घराच्या गॅरेजमध्ये मावणारी, कारसारखी चालणारी, पण आत सहा-सात माणसं आणि सामान घेणारी व्हॅन. मिनीव्हॅन हा प्रकार अमेरिकेत घरोघर पोचवला तो या जोडीने. (योगायोग बघा, आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली तीही १९८४ मध्ये. फक्त आपल्या व्हॅनला हाताचा साधा गिअर होता, त्यामुळे पुढचं रामायण आपल्या वाट्याला आलं नाही.)

रामायण सुरू झालं १९८९ पासून. तोवर क्रायस्लरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालणारे, जुन्या घडणीचे, दणकट म्हणून ओळखले जायचे. १९८९ च्या मॉडेलवर कंपनीने ‘अल्ट्राड्राइव्ह’ नावाचा चार गिअरचा नवा गिअरबॉक्स आणला. कुठला क्लच कधी आणि किती दाबायचा हे यात संगणक ठरवणार, आणि क्लच झिजत जातील तसा तो स्वतःला जुळवूनही घेणार. कल्पना काळाच्या पुढची होती, यात वाद नाही. आज बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या त्याच वाटेने चालतात. पण रस्त्यावर आणला तो कच्चा.

संगणकाला काही गडबड वाटली की तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवायचा. तिकडे याला ‘लिंप मोड’ म्हणतात, म्हणजे लंगडत घर गाठा. आता विचार करा, हायवेवर मागे मुलं बसलेली आहेत, मागून ट्रक येतायत, आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नाही.

त्यात तेलाचा घोळ. या गिअरबॉक्सला कंपनीचं विशिष्ट तेलच लागायचं. पण सुरुवातीच्या माहितीपुस्तकांत बाजारात मिळणारं नेहमीचं डेक्स्रॉन तेलही चालेल, असं छापलेलं होतं. लोकांनी पुस्तक वाचून, विश्वासाने तेच ओतलं, आणि क्लच घसरायला, थरथरायला लागले. म्हणजे गिअरबॉक्स गेला तो मालकाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर त्याने सूचना पाळल्यामुळे! कंपन्या वॉरंटी नाकारताना ‘तुम्ही नीट वापरली नाही’ म्हणतात ना, त्यांना हे उदाहरण सुनवायला हवं.

इंटरनेट नसताना या तक्रारी एकत्र झाल्या कशा? तिथे १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ या नावाने सुरू झालेली संस्था आहे. तिचं मासिक ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ जाहिराती घेत नाही आणि वर्गणीदारांकडून दरवर्षी प्रश्नावली भरून घेतं: कुठली गाडी, काय बिघडलं. एकेकट्या मालकाला वाटतं आपलंच नशीब फुटकं. अशा हजारो प्रश्नावल्या एकत्र आल्या की नशीब कुणाचंच फुटकं नव्हतं, डिझाइन फुटकं होतं, हे कळतं. या मासिकाने १९९१ मध्ये वाचकांना अल्ट्राड्राइव्हबद्दल सावध केलं. राल्फ नेडर यांच्या चळवळीतून १९७० मध्ये उभं राहिलेलं ‘सेंटर फॉर ऑटो सेफ्टी’ही अशा तक्रारींचा पाठपुरावा करत असे. कंपनीने पुढे सुटे भाग बदलले, तेलाबाबतची सूचना बदलली, आणि ‘अल्ट्राड्राइव्ह’ हे नाव हळूच मागे पडलं.

आता कुणी म्हणेल, तिथे ‘लेमन लॉ’ होता की. होता. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये पहिला केला आणि मग इतर राज्यांनी उचलला. नवी गाडी त्याच दोषासाठी वारंवार दुरुस्तीला गेली, तर पैसे परत किंवा गाडी बदलून द्यायची. पण तो लागू गाडीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. गिअरबॉक्स असा शहाणा की बऱ्याचदा ही मुदत आणि वॉरंटी दोन्ही उलटल्यावर मरतो. खर्च मालकाच्या डोक्यावर, आणि बसवलेला दुसरा गिअरबॉक्सही त्याच जातीचा.

माझ्या मते या इतिहासातला खरा बोलका प्रसंग होंडाचा आहे. होंडा म्हणजे विश्वास, अशी ख्याती. १९९९ मध्ये त्यांनी ओडिसी ही मोठी व्हॅन नव्याने आणली: सरकते दरवाजे, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या नातेवाइकांकडे गेलेल्यांनी ही गाडी पाहिली असेलच. आजी-आजोबांना विमानतळावरून आणायला येते तीच. १९९९ ते २००१ च्या ओडिसींमध्ये चार गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अवेळी जाऊ लागले. तक्रारी वाढल्यावर कंपनीने त्यांची वॉरंटी ७ वर्षे किंवा १ लाख मैल (साधारण १ लाख ६० हजार किलोमीटर) इतकी वाढवली. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातून ती आणखी थोडी वाढली. पण हा रिकॉल नव्हता.

२००२ मध्ये पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आला, आणि एप्रिल २००४ मध्ये होंडाने ओडिसीसह आपल्या आणि अक्युराच्या अनेक मॉडेलच्या मिळून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण असं की दुसऱ्या गिअरला पुरेसं तेल पोचत नव्हतं, तो तापायचा, त्याचे दाते तुटू शकायचे, आणि मग चालत्या गाडीत गिअरबॉक्स जाम होण्याचा धोका. १५ हजार मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाड्यांत तेलाची धार थेट त्या गिअरवर सोडणारी नळी बसवली. जास्त चाललेल्या गाड्यांत गिअर तापून काळानिळा पडलाय का ते तपासलं. पडला असेल तर अख्खा गिअरबॉक्स बदलून दिला.

फरक लक्षात आला का? १९६६ च्या अमेरिकी कायद्यानुसार रिकॉलला आधार लागतो तो सुरक्षेचा. गिअर घसरून गाडी बंद पडली तर मालकाचे हजारो डॉलर जातात, पण तो ‘टिकाऊपणाचा’ प्रश्न. गिअर जाम होऊन चाकं थांबली तर तो ‘सुरक्षेचा’. पहिल्याला कंपनीची मर्जी किंवा कोर्ट, दुसऱ्याला कायदा. ही रेघ कागदावर सोपी आहे. भर हायवेवर, मधल्या लेनमध्ये, गाडीचा जोरच गेला तर ते कुठल्या बाजूला पडतं? मला विचाराल तर सरळ सुरक्षेच्या.

आता आपलं कलम. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आणि सरकारला पहिल्यांदाच गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी २०१२ पासून होती ती कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. पण कलमाची भाषा वाचा: दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होण्याची शक्यता हवी. म्हणजे रेघ आपल्याकडेही तिथेच मारलेली आहे. आणि चौकशीला सुरुवात होण्याचा एक मार्ग आहे तो ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार नोंदवण्याचा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला संताप त्यात मोजला जात नाही.

आपल्याकडे आता ऑटोमॅटिक सात-आसनी गाड्या गल्लोगल्ली आल्यात. तेव्हा गिअरबॉक्सची तक्रार असेल तर प्रत्येक खेपेचं जॉबकार्ड मागून घ्या, आणि त्यावर ‘जनरल चेकअप’ नाही, तुम्ही सांगितलेला बिघाडच लिहायला लावा. तक्रार करताना ‘खर्च खूप आला’ एवढंच लिहू नका. कुठल्या रस्त्यावर, किती वेगात, काय झालं आणि मागून काय येत होतं, तेही लिहा. आणि त्याच मॉडेलचे चार-पाच मालक भेटले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५(१)(क) खाली जिल्हा आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार दाखल करता येते.