ओटीचा हिशेब

ओव्हरटाइम हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि बोलता बोलता त्याची 'ओटी' करून टाकली. पिंपरी-चिंचवड, भोसरी, खडकी या पट्ट्यात 'आज ओटी लागली' एवढंच म्हटलं की घरच्यांना कळतं, ताट झाकून ठेवायचं. मराठीत ओटी हा शब्द आधीपासून होताच. बाईची ओटी तांदूळ, नारळ आणि खणाने भरतात. कारखान्याची ओटीही घर भरते. फक्त ती कुणाच्या पदरातलं काय काढून भरते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

जादा काम चांगलं की वाईट, असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही. पण हा प्रश्न कुठून आला, ते पाहिलं तर उत्तराची वाट थोडी मोकळी होते.

जादा वेळ असायला आधी ठरलेली वेळ असावी लागते. माझे पूर्वज विणकर. हातमाग घरातच. पहाटे बसायचं, उजेड संपला की उठायचं. सणाआधी चिमणीच्या उजेडातही धोटा चालायचा. त्याला कुणी ओव्हरटाइम म्हटलं नाही, कारण घड्याळही घरचं आणि मागही घरचा. गिरणी आली तेव्हा माग दुसऱ्याचा झाला आणि घड्याळही दुसऱ्याचं झालं. १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली. त्यानंतरच्या तीस वर्षांत कामाची वेळ म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, असाच रिवाज राहिला. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. बारा-तेरा तास उभं राहायचं. साप्ताहिक सुटी नाही. यंत्रं बंद असली, तरी ती पुसायला बोलावणं यायचं.

या काळोखात पहिला दिवा लावला तो आपल्या पुणे जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसाने. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा, पण घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधू' हे पत्र १८८० साली लोखंड्यांनी मुंबईत नेलं आणि चालवलं. गिरणीत नोकरी केल्यामुळे आतलं जग त्यांना ठाऊक होतं. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारच्या आयोगापुढे निवेदन ठेवलं. मागण्या पाहा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत वेतन. आज या मागण्या वाचताना वाटतं, एवढंच? पण त्या काळी एवढंच फार होतं.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण सकाळी चहाबरोबर रविवारची पुरवणी वाचतो, तो निवांतपणा असा मिळालेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कामाचे तास कमी करणाऱ्या पहिल्या कायद्यांना त्या वेळच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, हे कायदे लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या हट्टाने येत आहेत, आपला देशी धंदा मारण्यासाठी. यात तथ्य नव्हतं असं नाही. लँकेशायरला खरंच मुंबईची स्पर्धा नको होती. पण म्हणून मुंबईच्या बाईने गिरणीत तेरा तास उभं राहावं का? या गलबल्यात पुण्याचा 'मराठा' वेगळा उठून दिसला. आगरकरांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या पत्राने कामगारांची बाजू घेतली आणि मालकांना सवलती द्यायला सांगितलं. देशाची प्रगती आणि देशातल्या माणसाची विश्रांती यांचं भांडण लावण्याची सवय किती जुनी आहे, हे यावरून दिसतं.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा हा ज्ञानाचं प्रतीक म्हणून आम्ही कवी लोक मिरवतो. गिरणी कामगाराला मात्र त्याने सूर्यास्तही ठेवला नाही. १९०५ च्या सुमारास स्वदेशीच्या तेजीत कापडाला मागणी वाढली आणि विजेच्या उजेडात दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी त्याविरुद्ध दंगे केले. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांच्या वतीने तिथे ना. म. जोशी गेले. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. त्या परिषदेत आठवड्याला ४८ तासांचा ठराव झाला. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळं कलम घातलं गेलं: ६० तास. १९२२ साली आपल्याकडे ६० तासांचा कायदा झाला आणि त्यापुढच्या कामाला सव्वापट मजुरी ठरली. १९३४ साली बारमाही कारखान्यांना ५४ तास. १९४६ साली ४८ तास. ते दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. साठाचे अठ्ठेचाळीस व्हायला चोवीस वर्षं लागली.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास कायम ठेवले आणि जादा कामाला दुप्पट दर लावला. शिवाय तिमाहीत साधारण ५० तासांची मर्यादा घातली. या दुप्पट दराचा अर्थ आपण उलटा लावून बसलो. आपल्याला वाटतं, ते कामगाराला दिलेलं बक्षीस. माझ्या मते तो मालकाला लावलेला लगाम होता. जादा तास महाग केला म्हणजे मालक दुसरा माणूस कामावर घेईल, हा त्यातला हिशेब. पण मूळ पगार तोकडा असला की लगामाचंच आमिष होतं.

हे मी घरात पाहिलं आहे. माझे अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. दिवाळी आणि ईद जवळ आली की ते सुपरवायझरकडे ओटीसाठी शब्द टाकत. घराची दुसरी खोली, बहिणीचं डीएड, माझी बीएची फी, सगळं ओटीतून झालं. शेजारी युनियनचे एक अण्णा राहत. ते म्हणत, "भाई, तुमच्या चार तासांत कुणाच्या तरी पोराची नोकरी अडकलीय." अब्बा शांतपणे म्हणत, "अण्णा, पगार वाढवून आणा, मी ओटी सोडतो." दोघंही खरं बोलत होते. ओव्हरटाइमचे फायदे-तोटे त्या दोन वाक्यांत आले. मला त्यात एकच भर घालायची आहे. त्या काळातले अब्बा मला बहुतेक झोपलेलेच आठवतात.

निवृत्तीआधी ते एका लहान वर्कशॉपमध्ये गेले. तिथे रजिस्टरवर सही दुप्पट दराची घेत आणि हातावर एकेरी ठेवत. कायदा तोच होता, पण युनियन नव्हती.

शरीराचा हिशेब तर आता जगाने मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामामुळे जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. जपानने यासाठी 'करोशी' असा शब्दच घडवला. करोशी म्हणजे अतिकामाने मृत्यू.

आणि ज्यांना ओटीच नाही, त्यांचं काय? आमच्या मोहल्ल्यातल्या बायका हजारावर विड्या वळत. मजुरी नगावर, त्यामुळे रात्री बारापर्यंत वळल्या तरी दर तोच. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा शहराला प्रथमच जाणवलं की घरकामालाही पगार, खाडा आणि सुटी यांचा हिशेब असतो. आज हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या कंपनीत येण्याजाण्याची नोंद मिनिटाची होते. पण रात्री अकराचा फोन कुठल्याच रजिस्टरात नसतो. त्यांचा पगार अब्बांच्या कित्येक पट आहे, घड्याळ मात्र पुन्हा दुसऱ्याचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी आणि मोबदला दुप्पट, असंही त्यात आहे. थोडं गणित करू. तिमाहीत तेरा आठवडे. १४४ ला १३ ने भागा. आठवड्याला सुमारे ११ तास. त्यात ४८ मिळवा. ५९ होतात. म्हणजे १९२२ साली आपण ज्या साठाच्या दारात उभे होतो, तिथेच पुन्हा आलो. फरक आहे, तो नाकारू नये. तेव्हा साठ तास ही सक्ती होती, आता ती मर्जी म्हणून लिहिलेली आहे.

तेव्हा सगळं येऊन थांबतं ते या मर्जीवर. महिन्याचा पगार घरखर्चाला पुरत असेल, 'आज जमणार नाही' म्हटल्यावर उद्या गेटवर अडवलं जाणार नसेल आणि दुप्पट म्हणजे दुप्पटच हातात पडत असेल, तर जादा काम ही माणसाची स्वतःची निवड आहे. लग्नकार्याला, घराच्या हप्त्याला त्याने ती खुशाल करावी. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर संमतीच्या कागदावरची सही माणसाची नसते, त्याच्या गरजेची असते. लोखंड्यांच्या निवेदनात साडेपाच हजार माणसांनी कमी काम मागितलं होतं. आपल्या काळातला माणूस जास्त काम मागतो. तो आळशी नाही आणि हावराही नाही. त्याचा मूळ पगार काय आहे, तेवढं आधी विचारा.